पाणी सांगणारा

धर्मराजला उभ्या आयुष्यात कशालाच उशीर झाला नव्हता. शहाडच्या कारखान्यात नोकरी केली, तेवढी सगळी वर्षं तो भोंग्याच्या आधी फाटकाशी हजर. कौसाबाई थट्टेने म्हणायची, यांना न्यायचं तर यमालाही लवकर उठावं लागेल. पण यम आला तो बेलवलीला, त्यांच्या घरी, आलाच नाही. तो गेला ओमानला, त्यांच्या एकुलत्या एका महेशकडे. महेश तिथे वेल्डर होता. जेवला, झोपला, आणि सकाळी सोबत्यांच्या हाकेला उठला नाही. यंदा सुट्टीत आला की मुली बघायच्या, असं घरात ठरलं होतं.

कंपनीच्या माणसाने फोनवर अदबीने विचारलं, इथेच दहन करायचं का, इकडे सोय आहे. कौसाबाईने फोन धर्मराजच्या हातातून घेतला आणि म्हणाली, "माजा पोर माज्या दारातनं जाईल." एवढं बोलून तिने फोन परत दिला. त्यानंतर बराच वेळ ती तांदूळ निवडत बसली.

आणायचं म्हणजे काय, हे मात्र दोघांना ठाऊक नव्हतं. ते ठाऊक होतं जयदेव शेठला. उल्हासनगरात कॅम्प चारला त्याचं लोखंडी कपाटांचं वर्कशॉप. त्याच्या वरच्या खोलीत धर्मराजने पूर्वी भाड्याने संसार केला होता आणि खालच्या ठिणग्या बघत बघत महेश वेल्डिंग शिकला होता. शेठची भाची राजसी मस्कतला बँकेत. तिने तिकडची धावपळ अंगावर घेतली: इस्पितळाचा दाखला, पोलिसांची परवानगी, दूतावासाचं पत्र, मग विमानातली जागा. एक कागद आला की दुसरा अडायचा. एके दिवशी शेठने सांगितलं, "आज पासपोर्ट कॅन्सल झाला. अच्छी बात है, भाऊ. त्याच्याशिवाय सोडत नाहीत."

कौसाबाईला ते पटेना. "पासपोर्टच नाय, तं सोडतील कसं त्याला?"

धर्मराजला हसू आलं, आणि मग इतकं रडू आलं की तो उठून मोरीत गेला. त्या दिवसांत त्याच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. पोरगा गेला होता, पण कुठे गेला होता? धड इथे नाही, धड तिथे नाही. संध्याकाळी दाराशी चप्पल वाजली की दोघं एकदमच मान वर करत, आणि मग एकमेकांकडे बघायचं टाळत.

कौसाबाईचं माहेर खाडीकाठचं, मिठागरांतलं. तिकडे माणूस परगावी वारला आणि त्याला होडीतून आणायचं झालं, तर घरच्या कुणीतरी जवळ बसून प्रत्येक पाणी त्याला सांगायचं: खाडी आली, भिऊ नको, चल. पाणी सांगायचं राहिलं तर माणूस त्याच काठावर बसून राहतो, आणि घरी येते ती नुसती कुडी. धर्मराजने जन्मभर या गोष्टीची टिंगल केली होती. आता कौसाबाई बोटं दुमडून म्हणाली, "दर्या, ठान्याची खाडी, देसाईची खाडी, न् वालधुनी. खाड्या न् वालधुनी तुमी सांगाल. पन दर्या कोन सांगंल?" आणि धर्मराज टिंगल करायला गेला, तो तिच्यासारखीच बोटं दुमडून मोजू लागला.

दर्या राजसीने सांगितला. कौसाबाईने फोनवर तिच्याकडून ते वाक्य घोकून घेतलं. राजसीला घरातली सिंधी, शाळेतली हिंदी. तिच्या तोंडात मराठी अडखळत होती, तरी कौसाबाईने तिला सोडलं नाही. मस्कतच्या विमानतळावर पेटी आत नेण्याआधी राजसी पेटीला हात लावून म्हणाली, "महेश, दर्या आला. भिऊ नको. घरी चल." मग आपल्याकडचंही असावं म्हणून तिने हळूच जोडलं, "झूलेलाल, बेडा पार." हे फोनवर ऐकून कौसाबाई म्हणाली, "बरं केलंस, बाय. पान्यावरचा देव हाय तुमचा. त्याला दर्या म्हाईत."

सकाळी मुंबईला पेटी ताब्यात मिळाली. शववाहिकेत जयदेव शेठ पुढे, चालक शंकरजवळ बसला. मागे धर्मराज आणि पेटी. पेटीवर महेशचं नाव इंग्रजीत होतं आणि वजन लिहिलं होतं. ते दिसू नये म्हणून धर्मराजने वजनावर हात ठेवला.

ऐरोलीच्या पुलाखाली ठाण्याच्या खाडीवर ऊन पसरलं होतं. दूरवर रोहित पक्ष्यांची गुलाबी रांग उभी होती. "महेश," धर्मराज म्हणाला, आणि आपलाच आवाज ऐकून लाजला. "खाडी आली. भिऊ नको. चल." काही झालं नाही. पण छातीवरचा धोंडा जरा हलला. देसाईच्या खाडीला त्याला लाजही वाटली नाही. त्याने पोराला काठावरची तिवरंसुद्धा दाखवली.

आता एकच राहिलं होतं, वालधुनी. नावाला नदी, पण वर्षानुवर्षं कारखान्यांचं रंगीत पाणी पोटात घेऊन नाला झालेली. धर्मराज ताठ बसला. गाडी एका सुरात गुणगुणत होती. कल्याण आलं, उन्हाचा एक चौकोन त्याच्या गुडघ्यावर येऊन बसला, आणि मग तो चौकोन हळूहळू सायकलचा दांडा झाला.

दांड्यावर महेश बसला होता, शाळेच्या गणवेशात, डोक्याला चपचपीत तेल. कॅम्प चारहून शहाडकडे असे ते रोज जात. शाळा कारखान्याच्या वाटेवरच होती. पूल नेहमीपेक्षा कितीतरी लांब होता, संपतच नव्हता. खाली पाणी इतकं नितळ की तळाचे गोटे मोजावेत, आणि त्यात मोठाले मासे सायकलच्या वेगाने सोबत चालले होते. वासही नव्हता. तरी पोराने सवयीने आपलं नाक धरलं, मग वळून दुसऱ्या हाताने बापाचं धरलं. बापाचे दोन्ही हात हँडलवर, तो बिचारा काय करणार; रोज हे काम पोराकडेच असे.

"बाबा, वालधुनी आली. श्वास घेऊ नका हं. मी सांगेन तेव्हा सोडा."

धर्मराज दचकून जागा झाला. गाडीत तो ओळखीचा आंबूस वास भरला होता. त्याने खिडकीतून मागे पाहिलं. पुलाचा कठडा लांब जात होता.

"शेठ, वालधुनी?"

"गेली ना, आत्ताच गेली."

आयुष्यात पहिल्यांदा त्याला उशीर झाला होता, आणि तोही यासाठी. "शंकर, गाडी मागे घे. पुलापलीकडे. मला त्याला सांगायचं राहिलंय."

शंकरने आरशातून त्याच्याकडे पाहिलं. "काका, बॉडी घेऊन मागं नाय फिरत. तुम्हाला माहितीय."

माहीत होतं. बाहेर काढलेलं माणूस माघारी नेत नाहीत. एक रीत म्हणत होती मागे फीर, दुसरी म्हणत होती फिरू नको, आणि मध्ये धर्मराज पेटीवर हात ठेवून बसला होता. अंबरनाथ गेलं. वर्षानुवर्षं नाक मुरडलेल्या त्या नाल्याच्या काठी आपलं पोर एकटं बसलंय, हे काही केल्या त्याच्या डोळ्यांपुढून हटेना.

बेलवलीला दारात माणसं उभी होती. त्यांनी पेटी उतरवली. कौसाबाई उंबऱ्यात कळशी घेऊन उभी होती. तिने पेटीकडे पाहिलं नाही, नवऱ्याकडे पाहिलं.

"खाड्या सांगितल्या?"

"सांगितल्या. दोन्ही."

"वालधुनी?"

हो म्हणणं सोपं होतं. कुणी तपासायला येणार नव्हतं. पण अख्खा संसार जिच्याशी केला तिच्याशी आज खोटं बोलायला त्याची जीभ वळेना.

"मी झोपलो, कौसा. तेवढ्यात पूल गेला." माणसं बघत होती. "त्याने सांगितली मला. दांड्यावर बसला होता. माझं नाक धरलं आणि म्हणाला, बाबा, वालधुनी आली."

कौसाबाईने कळशी कलती केली, पेटीच्या पायथ्याशी पाणी सोडलं आणि शाळेतून आलेल्या पोराला म्हणावं तसं म्हणाली, "महेश, घर आलं. ये."

माणसांनी पेटी उचलली. धर्मराज मागून उंबरा ओलांडू लागला. नाकावर ती लहान चिमूट अजून तशीच होती. पोराने सोडा म्हटलं नव्हतं, म्हणून त्याने श्वास रोखून धरला.