विहिरीचा धडा

सिस्टरनं पानं बोटानं चाचपून पुस्तक उघडलं आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात सुरुवात केली, "विहिरीला पाणी आहे. पाणी गोड आहे."

एरवी तिच्यामागोमाग बायकांचा आवाज उठायचा. आज क्षणभर काहीच आलं नाही. मग भाजीवालीनं घसा खाकरला.

"विहिरीला पाणी आहे," ती म्हणाली आणि बाकीच्यांनी तिची री ओढली.

सिस्टरच्या जिवात जीव आला. प्रार्थनाघरामागच्या या खोलीत आज मागच्या बाकावर मदर बसल्या होत्या. सकाळीच त्या मोठ्या मठातून वर्गासाठी नवीकोरी पुस्तकं घेऊन आल्या होत्या. सिस्टरला दिसेनासं झालंय, हे कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं.

"वर्ग पाहते, मग ठरवू," एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

ठरवायचं काय, ते सिस्टरला ठाऊक होतं. म्हाताऱ्या सिस्टरांसाठी दूर एक विश्रामगृह होतं. तिथं बाग होती, वेळेवर औषधं मिळत, आणि शिकवायला कुणी नव्हतं.

दिसत तर खरंच नव्हतं. अक्षरांच्या जागी नुसती राख पसरल्यासारखी वाटे. पण प्रती नव्या असल्या तरी पुस्तक तेच, आणि ते तिला तोंडपाठ होतं. वस्तीतल्या कितीतरी बायका त्यावरच तर सही करायला शिकल्या होत्या.

"आता एकेकीला वाचू द्या," मदर म्हणाल्या.

भाजीवालीनं घडाघडा वाचलं. सासूसोबत वर्गाला येणाऱ्या, धुणंभांडी करणाऱ्या सुनेनं तर विहीर, दोर, घागर असं करत एका दमात धडा संपवला. कुठं अडखळणं नाही. सिस्टरला वाटलं, पोरी आज नाव राखणार.

मग सुनेच्या शेजारी पान उलटल्याचा आवाज झाला.

"आत्याबाई, तुम्ही राहू द्या," सून घाईनं म्हणाली. "तुमचा घसा बसलाय ना."

"माझा? घरी तर म्हणतेस, या बाईचा घसा कधी बसतच नाही."

हशा पिकला. ही सासू वर्गात यायची ती सुनेवर नजर ठेवायला, असं सगळ्या म्हणत. सगळ्यांबरोबर ती नुसते ओठ हलवायची. या वयात शिकून काय साहेबीण व्हायचंय, हे तिचं ठरलेलं उत्तर.

"दु... का... न," ती म्हणाली. "दुकान. दुकान बंद... आहे."

कुणीतरी तिला ढोसलं असावं.

"ढोसतेस काय? इथं दुकानच लिहिलंय. विहीर कुठाय? मघापासून तुम्ही सगळ्या वाचताय तरी काय?"

सिस्टरच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं. नव्या पुस्तकातले धडेच बदलले होते. मघाची ती शांतता, भाजीवालीचं खाकरणं, सुनेची घाई. सगळ्याचा अर्थ तिला एकदम लागला. धडा वेगळा आहे, हे सगळ्यांना दिसत होतं. सगळ्यांना वाचता येत होतं. आणि या म्हातारीनं तर कुणाच्याही मागून न म्हणता वाचलं होतं.

बाक करकरला. मदर पुढं आल्या.

"सिस्टर," त्या हलकेच म्हणाल्या, आणि तिच्या शेजारी सतरंजीवर टेकल्या.

सिस्टरनं पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. सासूचा आवाज आला होता तिकडं तिनं तोंड वळवलं. सिस्टर हसत होती.

"थांबलीस का गं?" ती म्हणाली. "वाच. मला पुढचं माहीत नाही."