आधी तो दोर खाली ठेवा

मी बोया बोलतोय. आधी तो हातातला दोर खाली ठेवा, मग ऐका. नाही ठेवणार? मग चालते व्हा! कान देणारे रोज भेटत नाहीत हे खरं, पण म्हणून मी कुणाच्याही दोराला मान द्यावी की काय?

खाडीच्या तोंडाशी, जिथे नदीचं पाणी आणि समुद्र एकमेकांच्या उरावर बसतात, तिथे मी तरंगतो. अंगाने लाल, डोक्यावर दिवा, पोटाशी पितळी घंटा. लाट आली की घंटा आपोआप वाजते. खाली साखळी आणि साखळीच्या टोकाला सिमेंटचा ठोकळा. आत येणाऱ्या होडीने मला डाव्या हाताला ठेवायचं, एवढं साधं माझं म्हणणं. माझ्या डावीकडे वाळूचा दांडा आहे, उजवीकडे खोल पाण्याची वाट. शेंबड्या पोरालाही कळेल, पण तुम्हाला कळेल तर शपथ.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. वेल्डिंगवाल्याने मला ठोकून, जोडून, पाण्यात बुडवून तपासलं. शेवटी माझ्या पोटावर थाप मारली आणि म्हणाला, "जा बाबा, लोकांच्या उपयोगी पड." मीही तेव्हा कोवळा होतो. खरं वाटलं मला ते.

काय उपयोगी पडलो, सांगतो ना. कोळ्यांनी माझ्या साखळीत जाळी अडकवली आणि शिव्या मला घातल्या. सुट्टीला आलेल्या हौशी लोकांनी माझ्यावर चढून फोटो काढले. एकाने तर माझ्या अंगावर आपलं आणि बायकोचं नाव कोरलं, पुढच्या वर्षी येऊन बायकोचं खरवडून काढलं. पक्ष्यांचं तर बोलायलाच नको, माझं डोकं बघा म्हणजे कळेल.

आणि ही जागा कशी आहे ठाऊक आहे? ओहोटीचं पाणी बाहेर धावत असतं तेव्हा समोरून वारा आला की लाटा भिंतीसारख्या उभ्या राहतात. पावसानंतर नदीतून झाडांचे ओंडके वाहत येतात, अर्धे पाण्याखाली, दिसतसुद्धा नाहीत. वाळूचा दांडा आज इथे, उद्या तिथे. आणि धुकं पडलं की स्वतःचा हात स्वतःला दिसत नाही. अशा ठिकाणी लोक गाणी लावून, पाय पसरून होड्या हाकतात. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात, पण या माणसांपुढे ते पाणीही गप्प बसेल.

पण या सगळ्यांत माझा खरा राग एकावर. एका लाँचच्या सारंगावर, म्हणजे लाँच हाकणाऱ्यावर. अख्खं बंदर त्याला काका म्हणायचं. खाडीत सामान आणि माणसं नेण्यात त्याचे केस पांढरे झालेले. हात पक्का, नजर पक्की, आणि जीभ त्याहून पक्की.

काकाला माझी गरजच नव्हती. किनाऱ्यावर बंद पडलेल्या गिरणीची एक जुनी चिमणी आहे आणि तिच्यामागे पाण्याची टाकी. चिमणीने टाकी झाकली की खोल पाण्याची वाट बरोबर समोर. तो त्या खुणेवर जायचा यायचा. माझा उपयोग त्याला एकच, दुपारच्या डब्यासाठी. आला की माझ्या कडीत दोर ओवायचा, इंजिन बंद करायचा आणि म्हणायचा, "लाल्या, धर रे जरा."

जरा म्हणे! दुपारचा वारा दांड्याकडे वाहतो. लाँच त्या वाऱ्यावर ताणली जायची आणि तिच्या मागे मी. आधीची लाँच लहान होती, तोवर मी निभावलं. मग त्याने उंच केबिनची मोठी लाँच घेतली. ती केबिन वारा धरायची आणि खाली माझा ठोकळा वाळूत घासत सरकायचा. रोज थोडा, कुणाच्या लक्षात येणार नाही इतका.

बोयाला होडी बांधणं गुन्हा आहे. बंदराच्या कचेरीत तसा फलक आहे. पण इथल्या लोकांची रीतच ती. पुढचा बांधतो म्हणून मागचा बांधतो. कचेरीची देखभालीची माणसंही यायची, तीही आधी मला होडी बांधायची आणि मग रंग द्यायची. साखळीखाली ठोकळा कुठे आहे हे बघायला कुणाला वेळ होता? वरून कीर्तन, आतून तमाशा.

काकाची मुलगी तेवढी वेगळी. तिने रीतसर परीक्षा देऊन परवाना काढला होता, आणि शहरातल्या दवाखान्यापासून खाडीतल्या गावांपर्यंतची लाँच तिच्या हाती आली होती. दरवेळी मला डाव्या हाताला ठेवून, वेग कमी करून, सभ्यपणे जायची. एकदा तिने बापाला माझ्या कडीला लटकलेला पाहिला आणि लाँचवरूनच ओरडली, "बाबा, बोयाला बांधत नाहीत!"

"तुझ्या जन्माच्या आधीपासून बांधतोय," काका तोंडात घास ठेवूनच म्हणाला. "त्याने कधी तक्रार केली?"

केली असती रे! तोंड दिलं असतं तर तुझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता.

मग एका दुपारी दोर सोडताना त्याने किनाऱ्याकडे बघितलं आणि बघतच राहिला. चिमणीमागे झाकलेली असायची ती टाकी शेजारी उघडी उभी होती. त्याने माझ्याकडे पाहिलं, पुन्हा किनाऱ्याकडे पाहिलं.

"हा सरकलाय की काय?" तो पुटपुटला.

त्याच्याबरोबरचा म्हातारा खलाशी म्हणाला, "सरकलाय काय, दांड्याच्या पार आत गेलाय. कचेरीत सांगायला हवं."

"सांगितलं तर पहिलं विचारतील, तू तिथे काय करत होतास? परवाना जाईल माझा. आणि आपल्याला कुठे लागतो हा? चिमणी जागेवर आहे ना? चल, सोड दोर."

त्या दिवशी मला समजलं की मी आता खोटं बोलतोय. माझ्या उजव्या अंगाला खोल पाणी राहिलं नव्हतं. तिथे वाळूची एक जीभ होती, ओहोटीला जेमतेम गुडघाभर पाणी राहील अशी, आणि मी त्या जिभेपलीकडच्या खळग्यात उभा राहून दिवा लावत होतो, घंटा वाजवत होतो, या, या म्हणत होतो. उजेडी लोक वाळूचा रंग बघून वळायचे. पण धुक्यात? धुक्यात माझ्या शब्दावर कोण जाणार होतं? ज्याला नियम पाठ आहे तो. म्हणजे ती पोरगी. एरवी तिची फेरी भरतीला व्हायची, वाळूच्या जिभेवरून लाँच सहज जायची, म्हणून तिला पत्ताच नव्हता. हे काकाला कळायला हवं होतं. मला कळलं, लोखंडाच्या डब्याला!

आणि मग ती सकाळ आली. काकाच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. दवाखान्यातून त्याला घरी न्यायला मुलीचीच लाँच. लाँचमध्ये आणखी बरेच पेशंट, त्यांचे नातेवाईक, एक आजीबाई नातसुनेचा हात धरून. काका दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधून केबिनमध्ये बसलेला. ओहोटी लागली होती आणि धुकं असं की जग पुसून टाकल्यासारखं.

मला इंजिनचा आवाज आला. हळू होता, पोरगी जपून येत होती. मी म्हटलं, लाट येऊ नये, घंटा वाजू नये. पण लाट कुणाच्या बापाची ऐकते? घंटा वाजली.

"आला बोया," तिचा आवाज ऐकला मी. केवढा सुटकेचा होता तो! लाँच माझ्या उजवीकडे वळली.

केबिनमध्ये काका ताडकन उठला असणार. पलीकडच्या काठावर खडक आहेत, त्यांच्यावर लाटा सतत फुटतात. माझी घंटा वाजते तेव्हा तो आवाज उजव्या कानाशी हवा. त्या सकाळी तो फार लांबून येत होता. डोळे बांधलेल्या माणसाला तेवढं पुरलं.

"थांब! मागे घे! बोया खोटा आहे!"

खोटा? मी खोटा? चोराच्या उलट्या बोंबा! पण भांडायला वेळच मिळाला नाही. लाँचच्या बुडाखाली वाळू करकरली, लोक एकमेकांवर आदळले, आजीबाई किंचाळल्या. इंजिन ओरडत राहिलं आणि लाँच जागची हलेना.

मग मुलीचा आवाज आला, अगदी हळू. "बाबा, तुम्हाला कसं ठाऊक?"



पाणी उतरत होतं आणि लाँच एका कुशीवर कलत होती. बाहेरून येणारी प्रत्येक लाट तिला ढकलून दांड्याच्या लाटा फुटणाऱ्या कडेकडे नेत होती. तिथे गेली असती तर सगळी लाकडं वेगळी झाली असती, आणि माणसं पाण्यात. पोरीने टोकाला आकडा असलेला दोर घेतला. कधी न मोडलेला नियम तिने त्या क्षणी मोडला. पहिल्या फेकीला दोर हुकला, दुसऱ्याला माझ्या कडीत बसला.

मी धरलं. खरं सांगतो, माझ्या मनात नव्हतं. माणसांसाठी काही करायची इच्छा माझ्यात केव्हाच संपली होती. पण ती पोरगी गाठ मारत म्हणत होती, "धर रे, फक्त आज धर," आणि मी साखळी तुटेल की काय इतकी ताणून धरलं. धुकं उठेपर्यंत धरलं. मासेमारीच्या होड्यांनी येऊन एकेकाला उतरवून नेईपर्यंत धरलं. आजीबाईंचा हात मोडला होता, लाँचचं बूड फाटलं होतं, पण मेलं कुणी नाही.

आठवड्याभराने कचेरीची बोट चौकशीला आली. बोटीत बंदराचा साहेब, मुलगी, आणि काळा चष्मा लावलेला काका. साहेबाने मोजमाप केलं, नकाशा पाहिला, मान हलवली.

"बोया जागेवरून बराच आत ओढला गेलाय," तो म्हणाला. "आणि दोर तुमच्या लाँचचा. बाई, तुम्ही धुक्यात वाट चुकलात, दांड्यावर चढलात, वर बोयाला लाँच बांधून तोही ओढलात. बोयाला बांधणं गुन्हा आहे, परीक्षेत शिकवलं नव्हतं?"

"साहेब, लाँच आधी रुतली. दोर मी नंतर बांधला. बोया आधीपासूनच इथे होता."

"असं तुम्ही म्हणता. याला पुरावा काय? परवाना जाणार तुमचा."

तिने बापाकडे पाहिलं नाही. एकदाही नाही. नुसती माझ्याकडे बघत उभी राहिली, आणि काका आपल्या चपलांकडे. मी मनात म्हणत होतो, बोल रे भेकडा, बोल! आयुष्यभर माझ्याशी बडबडलास, आज दातखीळ बसली? वारा आला, मी हललो, घंटा वाजली.

काकाने चष्मा काढला. डोळे लालभडक होते.

"साहेब, होडी जरा जवळ घ्या. त्याच्या कडीतला दोर बाजूला करा आणि खाली बोट लावून बघा."

साहेबाने बोट लावलं. कडीचं जाड लोखंड तिथे झिजून अर्धं झालंय. करंगळी बसेल एवढी खाच आहे, आतून गुळगुळीत.

"एका सकाळीत लोखंडाला अशी खाच पडत नाही," काका म्हणाला. "ही माझ्या दोराची आहे. रोज दुपारची. मीच ओढला त्याला. आणि सरकलाय हे मला ठाऊक होतं. बोललो नाही. पोरीने नियमाने लाँच आणली साहेब. चुकली ती एवढंच, की तिने माझ्यासारखं वागायचं नाकारलं."

मुलगी रडत होती, पण बापाजवळ गेली नाही.

काकाचा परवाना गेला, लाँच विकली गेली. मला उचलून परत माझ्या जागी आणलं, नवा ठोकळा दिला, कडी तीच ठेवली. वर एक पाटी जोडली, 'बोयाला होडी बांधू नये.' पहिल्याच रविवारी एक हौशी गृहस्थ आले, पाटी मोठ्याने वाचली आणि त्याच पाटीला दोर बांधला. गाढवापुढे वाचली गीता!

त्यांना हाकललं कुणी, सांगू? काकाने. दुरुस्त झालेल्या लाँचवर मुलगी पुन्हा असते आणि काका तिकीट काढून इतरांसारखा तिच्या लाँचमध्ये बसतो. कुठे जायचं नसतं त्याला. खाडीच्या तोंडाशी आला की टपावर उभा राहतो, चिमणी बघतो, टाकी बघतो, मग मला बघतो. ती अजून त्याच्याशी बोलत नाही म्हणे, घरीही नाही. फक्त इथे आल्यावर, सुकाणूवरचे हात न सोडता, मान न वळवता विचारते, "जागेवर आहे?"

"जागेवर आहे," काका ओरडतो. तेवढ्या दोन शब्दांसाठी म्हातारा रोज तिकीट काढतो.

माझा राग गेलेला नाही. पण त्या दोन शब्दांत दोघांचं बोलणं अडकलंय, आणि ते माझ्या जागेवर राहण्यावर अवलंबून आहे. म्हणून तुम्हाला अजून एकदा सांगतो, पाया पडून नाही, दरडावून सांगतो. लांबून जा, मला डाव्या हाताला ठेवा, आणि तो दोर... अहो, अजून हातातच आहे तुमच्या! खाली ठेवा तो आधी. ती बघा, लाँच येतेय.