रबराची पट्टी बांधलेला जोड

मी एक जुना जोड आहे, मित्रांनो. पाइपलाइनचे दोन फाटे एकत्र आणणारा. येरमाळ्याच्या बब्रुवानकाकांच्या विहिरीपाशी माझा जन्म गेला. दोन्हीकडचं पाणी मी इमानेइतबारे पुढं ढकललं, पण कौतुक व्हायचं ते मोटारीचं. माझ्या नशिबी चिखल.

पुढं उन्हानं मला तडा गेला. काकांनी जुन्या ट्यूबची पट्टी करकचून बांधली आणि ऐटीत म्हणाले, "झालं काम." आठवड्यात मी पुन्हा गळलो. पुन्हा पट्टी. शेवटी सारजाकाकूंनी मला काढून पिशवीत टाकलं. धाराशिवला दवाखान्यात जायचंच होतं, येताना नवा जोड घेऊ म्हणाल्या.

दवाखाना काकांसाठी होता. त्यांच्या पित्तनळीत कॅन्सर निघाला होता. पित्त तुंबून ते हळदीसारखे पिवळे पडले होते. आत बारीक नळी बसवली, तसा पिवळेपणा गेला, भूक लागली आणि स्वारी खूश झाली.

"आता आपरेशन कशाला मॅडम? म्या बरा झालोय," ते डॉक्टर महेश्वरींना म्हणाले.

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. रोग नळीतच आहे, भिंतीबाहेर पडलाय, जवळच्या ग्रंथींत शिरलाय की लांबच्या अवयवात पोचलाय, यावरून स्टेज ठरते. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या पेशी चांगल्या पेशींपेक्षा किती वेगळ्या दिसतात, यावरून ग्रेड, म्हणजे तो किती वेगानं वाढेल याचा अंदाज.

"तुमचा रोग स्कॅनमध्ये अजून नळीपाशीच दिसतोय काका, आणि पेशी सावकाश वाढणाऱ्या वाटतात. पक्की स्टेज गाठ काढून तपासल्यावरच कळेल. पण काढायची वेळ हीच आहे."

काका ढिम्म हलेनात. तेव्हा काकूंनी मला पिशवीतून काढून टेबलावर आपटलं.

"ही पट्टी कुनी बांधली व्हती?"

"म्याच की."

"गळती थांबली?"

"आठवडाभर थांबली."

"आन् तडा?"

काकांनी पट्टी सोडली. खाली तडा पार दुसऱ्या फाट्यापर्यंत गेला होता. बराच वेळ ते त्यावरून अंगठा फिरवत राहिले.

"तारीख द्या मॅडम," ते हळूच म्हणाले. मला रडूच आलं असतं, पण पाणी कुठून आणू?

ऑपरेशन झालं. रोग ग्रंथींपर्यंत गेला नव्हता. काका अजून तपासणीला येतात आणि मला बघून हसतात, कारण डॉक्टरांनी मला मागून घेतलं. आता मी त्यांच्या टेबलावर असतो. म्हातारपणी लई मान मिळाला बघा.

मित्रांनो, गळती थांबली की हात झटकून मोकळे होऊ नका. तडा कुठवर गेलाय, ते विचारा. परवा काकांचा नवा जोडही गळायला लागला म्हणे. काकांनी पट्टी शोधली नाही, सरळ दुकान गाठलं.