माफी नको, मुदत

"क्लच! अहो क्लच दाबा, बाई, क्लच!"

गाडीने दोन उड्या मारल्या आणि ती चौकाच्या बरोबर मध्यावर बंद पडली. मागून हॉर्नचा गदारोळ उठला. स्टिअरिंगवर बसलेल्या बाई शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. नवऱ्याची नजर अधू झाली म्हणून या वयात गाडी शिकायला आलेल्या. त्यांनी दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले.

"जन्मभर मुलांना शिकवलं की पृथ्वी फिरते," त्या म्हणाल्या. "ही मात्र फिरायला तयार नाही."

"फिरेल हो. घाबरू नका. किल्ली मागे घ्या, न्यूट्रल करा, मग..."

तेवढ्यात शेजारी बसलेल्या शिकवणारीचा फोन वाजला. रस्त्याचा नकाशा ऐकू यावा म्हणून तिने फोन गाडीच्या स्पीकरला जोडलेला होता. तो बंद करायच्या गडबडीत बोट भलतीकडेच पडले आणि एका पुरुषाचा आवाज गाडीभर घुमला.

"मॅडम, किती वेळा फोन कट करणार? कार्डाचे पैसे कधी भरताय? सोमवारी तुमच्या ऑफिसातच येतो आता. चारचौघांत शोभा होईल, मग म्हणू नका सांगितलं नाही!"

तिने फोन ओढून काढला. कानशिले तापली होती. चौकातले हॉर्न तिला ऐकूच येईनात. शेजारी बाई समोर बघत होत्या. जरा वेळाने त्या म्हणाल्या, "मला हल्ली ऐकायला कमीच येतं. आता पहिला गिअर ना?"

"हो," ती कशीबशी म्हणाली. "पहिला."

तिला सगळे क्लचताई म्हणत. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तीन शिकवणारे होते, पण बायका, म्हातारे आणि एकदा कुठे तरी ठोकून धसका घेतलेले लोक हटकून तिलाच मागत. तिचा आवाज खणखणीत होता आणि तिच्या बाजूला दुसरा ब्रेक होता. या दोन गोष्टींच्या भरवशावर तिने अर्ध्या गावाला रस्त्यावर आणले होते. अशा बाईला कुणी भर चौकात पैशांवरून दटावावे, आणि तिने ते मान खाली घालून ऐकावे, हे तिचे तिलाच खरे वाटत नव्हते.

सुरुवात साधीच झाली होती. नवरा छापखान्यात मोठ्या रंगीत मशीनवर होता. छापखाना बंद पडला. तो रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून काम शोधायला बाहेर पडे आणि संध्याकाळी न बोलता घरी येई. त्याला उणे वाटू नये म्हणून घरात काही कमी पडू द्यायचे नाही, असे तिने मनाशी ठरवले. सासूबाईंच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन क्रेडिट कार्डावर झाले. मुलीची कॉलेजची फीही त्यावरच भरली. तिथवर ठीक होते. पण एकदा दिराबरोबर सगळे हॉटेलात जेवायला गेले. बिल आले तेव्हा नवऱ्याचा हात खिशाकडे जाऊन तिथेच थांबला. ते तिने पाहिले आणि झटकन कार्ड पुढे केले. नंतर दिराच्या नव्या घरासाठी भारीतली भेट. मग फ्रिज, तोही शेजाऱ्यांच्यापेक्षा मोठा. पहिल्या कार्डाची मर्यादा संपत आली तेव्हा दुसरे घेतले, दुसऱ्यासाठी तिसरे. महिन्याच्या महिन्याला कमीत कमी रक्कम भरायची आणि सुटल्यासारखा श्वास टाकायचा. एकूण आकडा तिने कधी काढलाच नव्हता. काढला की तो खरा होईल, असे काहीसे वाटे.

त्या दिवशी बाईंना घरी सोडल्यावर तिने गाडी एका भिंतीच्या सावलीत लावली आणि फोनवर तिन्ही कार्डांची बिले उघडली. बेरीज चार लाख साठ हजार झाली. पुन्हा केली, तेवढीच आली. वर्षभर भरत आलेल्या हप्त्यांतले बहुतेक पैसे नुसत्या व्याजात गेले होते. मुद्दल होते तिथेच होते, उलट चार पैसे वाढलेच होते.

मग, का कोण जाणे, संताप आला. शोभा होईल म्हणे! शोभा होऊ नये म्हणूनच तर हे सगळे केले. त्या माणसाच्या हातात दुसरे आहे तरी काय? तो लोकांना सांगणार, एवढेच. आणि आपणच आधी सांगून टाकले तर?

तिने गाडी सुरू केली आणि तडक स्कूलवर आली. मालक लायसन्सचे अर्ज चाळत बसले होते. एके काळी ट्रक चालवलेला माणूस, बोलणे तोलूनमापून.

"सोमवारी एक वसुलीवाला येईल," ती उभ्याउभ्याच म्हणाली. "माझ्याबद्दल तुम्हाला सांगायला. त्याच्या आधी मी सांगते. माझ्यावर कार्डांचं कर्ज आहे, साडेचार लाखांच्या वर. तुमच्या पैशाला मी कधी हात लावलेला नाही आणि लावणार नाही."

मालकांनी चष्मा काढला. "आगाऊ पगार हवाय?"

"नको. संध्याकाळच्या दोन बॅचा द्या."

"घरी जायला उशीर होईल."

"होऊ दे."

"दिल्या," मालक म्हणाले आणि पुन्हा अर्जांत डोके घातले. जरा वेळाने मान वर न करताच म्हणाले, "चहा घेऊन जा."

घरी सांगणे त्याहून अवघड होते. रविवारी दीर आणि जाऊ जेवायला यायचे होते. ते जाईपर्यंत थांबावे, असे तिच्या मनात आले, आणि तिने तो विचार तिथेच मोडून काढला. ज्यांच्यासमोर मिरवायला खर्च केला, त्यांच्यासमोरच सांगायचे.

जेवणे अर्ध्यावर आली तेव्हा तिने सांगितले. आकडा सांगितला, कार्डे तीन आहेत हे सांगितले, हॉटेलाचे बिलही सांगितले. जाऊबाईंचा घास हातात राहिला. नवरा ताटात अन्न असतानाच उठला, हात धुतला आणि बेसिनपाशी पाठमोरा उभा राहिला. नळ चालूच होता. मुलीने उठून तो बंद केला.

"माझ्या डोळ्याचे त्यात किती?" सासूबाईंनी विचारले.

"डोळ्याचं काही नाही त्यात, आई."

"खोटं बोलू नकोस. आता दिसतं मला."

दिराने घसा साफ केला. तो धाकटा, पण पैशाने थोरला. "वहिनी, एवढं मनाला लावून घेऊ नका. मी भरून टाकतो सगळं. घरातली गोष्ट घरात. फक्त यापुढे तुमचा पगार माझ्याकडे द्या, घरखर्चाला लागेल तसे मी पाठवत जाईन. दादाला व्यवहार कधी जमलाच नाही."

बेसिनपाशी उभ्या असलेल्या पाठीत काही तरी हलले. तिला ते दिसले.

"भाऊजी, तुम्ही विचारलंत, बरं वाटलं," ती म्हणाली. "पण कर्ज माझ्या सहीनं झालंय, ते मीच फेडणार. बँकेचं व्याज निदान कागदावर छापलेलं तरी असतं. तुमचं किती होईल ते मला आयुष्यभर कळायचं नाही."

दिराचा चेहरा पडला. "मी काय परका आहे?"

"परके नाही, म्हणून तर नको म्हणते."

जाऊबाई रागाने पाणी प्यायल्या. सासूबाई म्हणाल्या, "वाढ गं धाकट्याला. उपाशी उठायचा, आणि तेही आपल्याच नावावर जायचं."

पाहुणे गेल्यावर स्वयंपाकघरात नवरा आला. ती भांडी घासत होती. त्याने फडके घेतले आणि एकेक भांडे पुसू लागला.

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही रोज इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडत होतात. दिवसभर कुठे असता ते मी कधी विचारलं नाही. पैसे कुठून आणते ते तुम्ही विचारलं नाहीत. दोघांनाही सोयीचं होतं."

त्याने एक पातेले बराच वेळ पुसले. "कॉलेजच्या दारातला झेरॉक्सवाला मागे लागलाय. बस म्हणतो मशीनवर. मी नाही म्हटलं होतं. चार रंगांचं मशीन चालवलेला माणूस मी..." तो थांबला. "उद्या हो म्हणून सांगतो."

"आणि मी गाडी विकते."

"तुझी गाडी?" त्याने तिच्याकडे पाहिले. ती छोटी पांढरी गाडी तिच्या एकटीच्या कमाईची, तिच्या एकटीच्या नावावरची. दुसऱ्यांना शिकवून शिकवून, पै पै जमवून घेतलेली.

"दिवसभर गाडीतच तर बसलेली असते," ती म्हणाली. "घरी यायला पाय आहेत."

सोमवारी तो वसुलीवाला आला. तिला वाटला होता त्याहून बारीक माणूस होता. शर्टाची कॉलर घामाने भिजलेली, काखेत फाईल. स्कूलमध्ये त्या वेळी पाचसहा शिकाऊ बसलेले होते. भूगोलाच्या बाईही होत्या. ती खुर्ची ओढत पुढे आली.

"या, बसा. फोनवर तुम्हीच ना? हे आमचे मालक, यांना मी सगळं सांगितलंय. घरीही सांगून झालंय. ही मंडळी शिकायला येतात. मंडळी, माझ्यावर कार्डांचं कर्ज आहे आणि हे त्याच्या वसुलीला आलेत. हं, आता बोला. काय सांगायचं होतं यांना?"

माणूस गोंधळला. त्याने फाईल एका काखेतून दुसरीत घेतली. "मॅडम, आपण जरा बाजूला बोलू या का?"

"बाजूला कशाला?" भूगोलाच्या बाई म्हणाल्या. "इथेच बोला. आणि जरा मोठ्यानं, मला ऐकू कमी येतं."

कुणी तरी हसले. मालक हसले नाहीत, पण अर्ज बाजूला ठेवून त्यांनी हाताची घडी घातली.

"पैसे मी बुडवणार नाही," ती म्हणाली. तिचा खणखणीत आवाज परत आला होता. "पण शिकवत असताना फोन करायचा नाही. गाडी कुणाच्या अंगावर गेली तर ती जबाबदारी घ्याल तुम्ही? तुमचं ओळखपत्र दाखवा. बँकेचं पत्र असेल तर द्या. आणि यापुढे जे काय असेल ते लेखी. मी उद्या बँकेत जाते आहे."

त्याने ओळखपत्र दाखवले. तिने नाव उतरून घेतले आणि त्याला पाण्याचा ग्लास दिला. त्याने तो एका दमात संपवला, आणि जाताना, बहुधा सवयीने, "थँक्यू मॅडम" म्हणाला.

बँकेत मात्र असे कुणी घाबरणारे नव्हते. नवरा बरोबर आला होता. काउंटरमागचा अधिकारी थंडपणे म्हणाला, "एक करता येईल. काही रक्कम एकदम भरा, बाकीची माफ करून टाकू. सेटलमेंट म्हणतात याला."

"मग माझ्या नावापुढे काय लिहाल?"

"तडजोड केली, असं. पुढे कर्ज मिळायला जरा अडचण येते, एवढंच."

मनात क्षणभर मोह झाला. खोटे कशाला बोला? मग तिने मान हलवली. "मला माफी नको, मुदत हवी. तुमच्या दोन कार्डांची बाकी साध्या कर्जात घाला, व्याज कमी करा, तीन वर्षं द्या. कार्डं आजच बंद करा. तिसरं दुसऱ्या बँकेचं आहे, सगळ्यात महाग. ते मी गाडी विकून फेडते."

"असं लगेच होत नाही, मॅडम."

"मग मी बसते."

ती बसली. नवराही शेजारी बसला. जेवणाची सुट्टी झाली, संपली. अधिकारी दोनदा त्यांच्यासमोरून गेला. शेवटी त्याने वरिष्ठांना फोन लावला. सह्या त्या दिवशी झाल्या नाहीत. आणखी दोन खेपा घालाव्या लागल्या, पगाराचे कागद आणावे लागले, एका साहेबाचे तिरके बोलणे ऐकावे लागले. पण झाल्या. व्याज निम्म्याहून खाली आले. हप्ता तिच्या पगाराला झेपेल एवढा होता, ओढून ताणून का होईना. मुलगी म्हणाली, कॉलेज सोडते. तिला एवढेच उत्तर मिळाले, "नापास झालीस तर बघू."

गाडीला गिऱ्हाईक मिळाले, एक नवखे जोडपे. पैसे खात्यात आले, कागद झाले. पण इमारतीच्या पार्किंगमधली तिची जागा अडचणीची, एका बाजूला खांब, दुसऱ्या बाजूला वरच्या मजल्यावरच्यांची मोटारसायकल. नव्या मालकाने गाडी दोनदा पुढेमागे केली आणि त्याला घाम फुटला.

"उतरा," ती म्हणाली.

ती बसली. एकदाच आरशात पाहिले आणि एका झटक्यात गाडी मागे घेऊन रस्त्याला तोंड करून उभी केली. खाली उतरली. किल्ली त्याच्या हातावर ठेवली. "दुसरा गिअर थोडा घट्ट आहे," ती म्हणाली. "जबरदस्ती करू नका. जरा थांबलात की आपण होऊन पडतो."

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तरी ती फाटकापाशी उभी होती. मग वर जाऊन तिने तोंड धुतले आणि संध्याकाळच्या बॅचला गेली, चालत.

परत आली तेव्हा दिवे लागले होते. पार्किंगमध्ये तिच्या रिकाम्या जागेत, खांबाशेजारी, सासूबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. पायाशी रेडिओ हळू आवाजात चालू होता. शेजारी आणखी एक खुर्ची होती, रिकामी.

"आई, इथं काय करताय?"

"वरचा मघाशी मोटारसायकल सरकवायला आला होता. म्हटलं, जागा आमची आहे." सासूबाईंनी बाजूची खुर्ची थोपटली. "बस. पाय दुखत असतील."

ती बसली. थोड्या वेळाने फाटक वाजले आणि नवरा आत आला. बोटे झेरॉक्सच्या टोनरने काळी झालेली, शर्टाची इस्त्री मोडलेली. त्याने दोघींकडे पाहिले, जागेकडे पाहिले आणि खांबाला टेकून खाली जमिनीवर बसला.