दगडोबाचं विमान

चाकूरच्या दगडोबा मिस्त्रीनं तीन वर्षं खपून घरामागच्या खळ्यावर विमान बांधलं. आज इंजिन पहिल्यांदाच सुरू करायचं होतं. विमानाच्या मागं त्याची बायको कावेरीबाई हरभऱ्याच्या ढिगाशी सूप घेऊन दोन दिवस वाऱ्याची वाट बघत बसलेली.

"वारं पडलंय, अन् तुम्हाला खेळणं सुचतंय!"

 दगडोबानं विमान पळू नये म्हणून शेपटीला दोरखंड बांधून तो लिंबाला आवळला, चाकांपुढं धोंडे लावले, नारळ फोडला आणि बटण दाबलं. इंजिन असलं गरजलं की मागच्या ढिगातला भुसा पार उडून गेला, टपोरा हरभरा तेवढा उरला.

"बघितलंस? उद्या दोर सोडतो अन् उडतो!"

कावेरीबाईनं गाठ आणखी आवळली. "खबरदार! आपली तूर राहिली हाय, अन् मागं आख्खी गल्ली पोती घेऊन उभी हाय."