मिटणारी खिडकी

खिडकी उघडली, करडी झाली आणि पापणी मिटावी तशी नाहीशी झाली. मागे राहिला पडद्याच्या कोपऱ्यातला एवढासा बाण. लतिकाने सेटिंगच्या चिन्हावर पुन्हा क्लिक केलं – पुन्हा तेच. टेलिफोनवाले नवा मोडेम बसवून गेले होते. त्याचे आकडे नेटवर्कच्या या सेटिंगमध्ये भरल्याशिवाय आश्रमशाळेच्या कॉम्प्युटरला नेट लागणार नव्हतं, आणि सेटिंग तर उघडून टिकतच नव्हतं.

दाराशी शाळेची स्वयंपाकीण ठकी बसली होती. तिची मुलगी बुधी पुण्याला नर्सिंग शिकत होती. काल तिथेच तिचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. वेवजी गावाच्या या टोकाला मोबाईलवर आवाजच तुटक यायचा, चित्र कुठून येणार!

"फोनवर बरी हाय सांगते," ठकी म्हणाली. "तोंड बघल्याबिगर कसा समजंल, बाय? तापानं फणफणली तरी बरीच हाय सांगते ती."

"दिसेल, मावशी. थोडं थांबा."

थोडं म्हणजे किती, हे लतिकालाही ठाऊक नव्हतं. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, वायर काढून लावली... काही नाही. एरवी ती वैतागली असती. पण ठकी मागे नुसती बसली होती, आणि त्या बसण्याची पाठीला ऊब लागल्यासारखं वाटत होतं – तेव्हाही असंच... रजा संपवून मसोलीच्या घरून लतिका शाळेत परतली होती, सहाव्या महिन्यात रिकामी होऊन. तिथल्या रेल्वे क्वार्टरमधल्या शेजारणी, सासूबाई, इथल्या सोबतच्या शिक्षिका, सगळ्यांनी समजावलं होतं – वय आहे अजून, होईल दुसरं – आणि प्रत्येक समजावणीसरशी ती आणखी खोल उतरत गेली होती. ठकीने मात्र पेजेची वाटी समोर ठेवली आणि भिंतीला टेकून बसून राहिली. एक शब्द नाही. पेज निवली, उन्हं कलली, तरी ती बसूनच. शेवटी लतिका रडली, पोटातून रडली, आणि ठकीने... तिने फक्त पेज पुन्हा गरम करून आणली.

हे कधी बोलून दाखवायचं? मावशी, तुम्ही त्या दिवशी – याच्या पुढे वाक्य कधी गेलंच नव्हतं.

लतिकाने कमांड टाइप करायची काळी खिडकी उघडली आणि तोच प्रोग्राम तिथून चालवला. निदान कोसळताना कारण तरी सांगेल. सांगितलं. शेवटची ओळ नेटसाठी लावायच्या एका जुन्या डोंगलच्या नावाशी अडखळली होती. तो डोंगल कधीच शाळेतून गेला होता, पण त्याच्या जोडणीची बिघडलेली फाईल आत तशीच होती, आणि प्रोग्राम दर वेळी ती वाचायला जाऊन कोसळत होता. नसलेल्या गोष्टीपायी इतकं... लतिकाची बोटं थबकली. पुसून टाकायचं तिच्या जिवावर आलं. तिने ती फाईल उचलून निराळ्या फोल्डरमध्ये ठेवली.

खिडकी उघडली – आणि टिकली. तिने आकडे भरले, नेट लागल्यावर बुधीला व्हिडिओ कॉल लावला.

बुधी दिसली. उशीला टेकलेली, ओठ सुकलेले. मैत्रिणीच्या हातातला फोन हलत होता.

"आये, रडू नको ना."

ठकी रडत नव्हतीच. पडद्याला नाक लागेल इतकी जवळ जाऊन ती मुलीचं कपाळ, डोळे, ओठ पाहत होती, तांदूळ निवडावेत तशी.

"जेवलीस?"

"पातळ भात दिला. अजून मागितला तर नाय बोलले."

"मागितलास?" ठकीने श्वास सोडला. "मग बरी हाय."

कॉल संपल्यावर ठकीने लतिकाचा हात दोन्ही हातांत धरला. "लय केलंस, बाय."

उपकार फिटले, असं लतिकाला वाटायला हवं होतं. वाटलं नाही – आणि ते फिटू नयेत, असेच राहावेत, या विचाराने तिला केवढं हलकं वाटलं. त्या न आलेल्या मुलीला तिने एक नाव ठेवलं होतं, कुणालाही न सांगता... ते आज ओठांशी येऊन थांबलं, आणि रुतलं नाही.

"मावशी," ती म्हणाली.

ठकीने वर पाहिलं. पुढचा शब्द कोणता असेल, लतिकाला अजून माहीत नव्हतं. पण आता घाई नव्हती, आणि हात सोडवून घ्यावासाही वाटत नव्हता...