ताईचा जपानी

ताईचं लग्न झालं नाही. त्याचं कारण विचारलं की तिची धाकटी बहीण भिंगरी सांगायची, "झालंय की! एका जपान्याशी. नवरा पुस्तकात राहतो, घरी येत नाही, खर्च नाही, घोरणं नाही. सुखी आहे आमची ताई."

तो जपानी म्हणजे एक नामांकित कादंबरीकार. ताईने त्याचं पहिलं पुस्तक विशीत वाचलं आणि मग भाषांतर झालेलं एकही सोडलं नाही. ताई एका डेंटल लॅबमध्ये कवळ्या तयार करायची. दिवसभर मेणात एकेक दात बसवायचा, घासायचा, उजेडात धरून बघायचा. त्या सवयीने ती वाचायचीही तशीच. एकेक वाक्य उजेडात धरून. लॅबमध्ये कुणी विचारलं की याचं काय वाचू, तर तिचं उत्तर तयार असे. आधी टपालगाडीवाल्याची छोटी गोष्ट, मग दीपगृहावरच्या दोन भावांची, आणि पुरेसा दम आला की मिठागराची. मिठागराची म्हणजे सातशे पानांची. समुद्राकाठी मीठ पिकवणाऱ्या एका घराण्याच्या तीन पिढ्या.

भिंगरीला मात्र यातलं एकही वाचायला लावणं तिला जमलं नाही. भिंगरी लोकांना गाडी चालवायला शिकवायची. सकाळपासून दुसऱ्यांच्या शेजारी बसून "क्लच! क्लच! अहो, तो ब्रेक!" असं ओरडून तिचा घसा बसलेला. "निवांत वाचीन गं," ती म्हणायची. "म्हातारपणी काय करायचंय मग?"

म्हातारपण काही तिच्या वाट्याला येणार नव्हतं. पोटात दुखतंय म्हणून ती डॉक्टरांकडे गेली तेव्हा दुखणं पार यकृतापर्यंत पोचलं होतं. औषधं झाली, पिशव्याच्या पिशव्या सलाइन झालं, केस गेले. मग एक दिवस डॉक्टर भिंगरीच्या नवऱ्याला, भावजींना, बाहेर घेऊन गेले आणि हळू आवाजात बोलले. भावजी लिफ्ट दुरुस्त करायचे, मुळातच मितभाषी. ते आत आले आणि भिंगरीच्या पलंगाचं सैल झालेलं चाक पाना आणून घट्ट करत बसले. तेवढ्यावरून सगळं कळलं.

घरी आल्यावर तिसऱ्या का चौथ्या दिवशी भिंगरी म्हणाली, "ताई, आता निवांत आहे. बोल, तुझ्या जपान्याचं कुठून सुरू करू?"

आयुष्यभर ज्या प्रश्नाची वाट बघितली तो असा आला. ताई "उद्या आणते" म्हणाली आणि घरी येऊन कपाटासमोर फतकल मारून बसली. एकेक पुस्तक काढलं आणि बाजूला ठेवलं. यात आई मरते. यात दोघांतला एक भाऊ बुडतो. यात कुणी मरत नाही, पण दवाखाना आहे. इतकी वर्षं ज्याच्यावर जीव टाकला, त्याने आपल्या बहिणीसाठी एक धड पुस्तक लिहू नये याचा तिला असा संताप आला की तिने हातातलं पुस्तक भिंतीवर भिरकावलं. मग उठून ते उचललं, त्याचं दुमडलेलं पान सरळ केलं आणि रडली.

शेवटी टपालगाडीवाल्याची गोष्ट नेली. पातळ, हलकी, हसवणारी.

भिंगरीने चार पानं वाचली आणि पुस्तक छातीवर उपडं ठेवलं.

"छान आहे. पण हे तू पेशंटला दिलंस. बहिणीला कुठलं दिलं असतंस?"

"मिठागराचं," ताईच्या तोंडून निघून गेलं.

"मग ते आण."

"अगं, ते सातशे पानांचं आहे!"

बोलल्यावर ताईने जीभ चावली. स्वयंपाकघरात सूप ढवळणाऱ्या भावजींचा चमचा थांबला.

"बरं झालं, एकजण तरी खरं बोललं," भिंगरी म्हणाली. "बाकी सगळे मला पुढच्या वर्षीचे बेत सांगतायत. ताई, मला संपवायचं नाहीये. मला चांगल्यापासून सुरुवात करायचीय."

जाडजूड पुस्तक तिच्या हातांना पेलेना, म्हणून ताई वाचून दाखवू लागली. लॅबमधून अर्ध्या दिवसाची रजा घ्यायची, दुपारी यायचं, खुर्ची ओढायची. भिंगरीला निमूट ऐकणं ठाऊकच नव्हतं. मिठागरातली थोरली सून सासऱ्यापुढे मान खाली घालून उभी राहिली की ही पलंगावरून ओरडे, "अगं बोल की! तोंडात काय मीठ धरलंय?" आणि मग खोकत बसे. भावजी आधी दारात उभे राहायचे. मग दाराशी स्टूल आलं. मग ते स्टूल रोज थोडं थोडं आत सरकत पलंगाच्या पायथ्याशी येऊन पोचलं.

कादंबरीत धाकटा मुलगा घर सोडून बोटीवर चढतो, तिथे पोचेपर्यंत भिंगरीचा आवाज अगदी क्षीण झाला होता. त्याची आई निरोप द्यायला धक्क्यावर जात नाही. मिठाच्या वाफ्यात उभी राहून मीठ गोळा करायची फळी ओढत राहते. ताईने ते पान संपवलं.

"परत येतो ना गं तो?" भिंगरीने डोळे मिटूनच विचारलं.

"येतो," ताई म्हणाली, आणि चष्मा काढून पदराने पुसू लागली.

भिंगरीने एक डोळा उघडला. "लहानपणापासून तुला खोटं बोलता येत नाही. लगेच चष्मा. नाही येत ना?"

ताईने मान हलवली. नाही.

"मग वाच पुढे. त्याच्याशिवाय ती कशी राहते, ते ऐकू दे."

ताईने कसंबसं अर्धं पान वाचलं. भिंगरीने तिच्या मनगटावर हात ठेवला होता. तिला झोप लागल्यावरही तो तसाच होता. ताई खुर्चीत अवघडून बसून राहिली, पण तिने हात हलवला नाही. या हाताला धरून तिने हिला चालायला शिकवलं होतं. थोरलीने आधी जायचं, ही साधी रांगसुद्धा हिने मोडली. रस्त्यावर लोकांना रांगेची शिस्त शिकवणारीने.

त्याच आठवड्यात भिंगरी गेली. पहाटे, भावजींच्या मांडीवर डोकं ठेवून.

त्यानंतर ताईला पुस्तक उघडवेना. जपान्याचंच काय, कुणाचंच. लॅबमध्ये ती दात बसवायची, घरी येऊन दिवा न लावता पडून राहायची. भिंगरीच्या घरी जायचंही तिने टाळलं. शेवटी एका रविवारी भावजींचाच फोन आला. "ताई, येता का? तुमचं पुस्तक इथे राहिलंय."

ती गेली. पलंग आवरलेला होता. पुस्तक उशीशी होतं, खूण जिथल्या तिथे.

"घेऊन जाते," ताई म्हणाली.

"नको. वाचाल का? त्या बाईचं पुढे काय झालं?"

ताईने पुस्तक उघडलं. पहिल्याच ओळीत ती थांबली. दुसऱ्यांदा सुरू केलं, तेही जमेना. तेव्हा भावजींनी हळूच तिच्या हातून पुस्तक घेतलं. लिफ्टच्या माहितीपत्रकाशिवाय ज्या माणसाने काही वाचलं नव्हतं, तो शब्दाखाली बोट धरून, अडखळत, मोठ्याने वाचू लागला. जोडाक्षर आलं की थांबायचा, परत मागून यायचा. ताईला हे पान तोंडपाठ होतं, तरी तिने मध्ये शब्द सुचवला नाही.

मुलाची बोट बुडाल्याची खबर गावात येते तिथे भावजी थांबले. पुस्तक पालथं ठेवून आत गेले. स्वयंपाकघरातला नळ खूप वेळ वाहत होता. ताई उठली नाही. काही वेळाने ते ओलं तोंड शर्टाच्या बाहीने पुसत आले, स्टुलावर बसले, बोटाने ओळ शोधली आणि पुढचं वाक्य वाचायला लागले.